खालचे नाना

पेणपासून रोह्यापर्यंत माझ्याइतक्या झपाट्यानं झाडावर चढणारा दुसरा माणूस नाय. उतरायला मात्र मला तीन वेळा शिडी लागली, एक वेळा क्रेन लागली, आणि एक वेळा खाली पेंढ्याचा ढीग होता म्हणून मी आज तुमच्याशी बोलतोय. चढणं माझ्या अंगात आहे. उतरणं ज्यांच्या अंगात होतं ते नाना. मी वर आणि ते खाली अशी आमची ओळख झाली, आणि पुढची अकरा वर्षं आम्ही ती तशीच ठेवली.

खांब गावात हायवेच्या कडेला एक जुना आंबा होता. चहाच्या टपरीवर मी पैज लावली की शेंड्याची कैरी आणून दाखवतो. एक बिडी ओढून होईपर्यंत मी वर. कैरी तोडली, खिशात घातली, ऐटीत खाली बघितलं आणि मग खाली बघायचं बंदच केलं. माझ्याकडे सगळं होतं, फक्त परत यायची सोय नव्हती. खाली गर्दी जमली. कोण म्हणे उडी मार, कोण म्हणे आता तिथंच संसार कर. मोबाईल तर इतके वर झाले की मला वाटलं माझी मिरवणूकच निघाली.

तेवढ्यात एक म्हातारा लंगडत आला. खांद्यावर दोराचं भेंडोळं. त्यानं वर बघितलं नाय, आधी झाडाच्या बुंध्यावर हात फिरवला. मग विचारलं, "जेवलास काय रे?"

"नाय!"

"बरा झाला. हलका असशील."

त्यांनी सुतळीला दगड बांधून वर फेकला. तिसऱ्या फेकीला सुतळी माझ्या हातात आली, तिच्यामागून दोर आला. "तुझ्या मांडीएवढी फांदी बघ. तिला हिरवी पानं हायत काय?"

"हायत!"

"किती?"

"आता पानं मोजू?"

"नको. रडायचा थांबलास ना, बस झाला." मग त्यांनी दोर त्या फांदीच्या बेचक्यातून फिरवायला लावला, टोक कमरेला आणि मांड्यांना बांधायला लावलं. मी गाठ मारली. "ओढून बघ," म्हणाले. ओढली, सुटली. "ती चड्डीची नाडी नाय रे." तीन वेळा गाठ मारून घेतली. चौथ्यांदा मी म्हणालो, "आलो!" आणि पाय सोडणार तोच खालून असा आवाज आला की मी फांदीला परत मिठी मारली.

"मी धरला बोललो काय?"

"नाय."

"मग निघालास कोनाच्या भरवशावर?"

खाली आलो तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात वर करून सगळ्यांना नमस्कार केला. नंतर कळलं टाळ्या नानांना होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या टोळीत. टोळी म्हणजे काय, नाना, त्यांची मुलगी मंगल आणि मी. घरावर आलेली वाळकी फांदी, तारेला लागणारी डहाळी, कोणाच्या कौलावर झुकलेलं झाड, ते तुकडे तुकडे करून दोरानं खाली सोडायचं, हे आमचं काम. वर मी. फांद्या ओढायला मंगल. आणि नाना कायम खाली. वरच्या माणसाच्या कमरेला दोराचं एक टोक, दोर बेचक्यातून फिरून खाली, बुंध्याला दीड वेढा आणि पुढचा दोर नानांच्या हातात. त्या दीड वेढ्यावर हत्तीसुद्धा दोन बोटांनी थोपवता येतो असं ते सांगायचे. आमच्याकडे हत्ती झाडावर चढत नाय, त्यामुळे ते माझ्यावरच भागवायचे. म्हणून सगळा पट्टा त्यांना खालचे नाना म्हणायचा.

मला ती खालची जागा लय आवडायची. सावली आहे, चहा येतो, मान वर करून दुसऱ्याला हुकूम सोडायचा. मुंग्या चावल्या तर वरच्याला. आयुष्यात मी देवाकडे बंगला मागितला नाय, गाडी मागितली नाय. एकच मागितलं, मला एकदा खालचा कर. दर दोन महिन्यांनी मी विचारायचो, "नाना, मला खाली कधी घेताव?"

"वर बरा वाटतो ना तुला?"

"वाटतो."

"मग ऱ्हा ना."

नानांचा एक प्रश्न ठरलेला होता, "उतरायचा कसा?" झाडापुरता नव्हे, सगळ्याला. एसटीत पाय ठेवायच्या आधी कंडक्टरला उतरायचा थांबा विचारणार, गाडी तिथं थांबते असं तो दोनदा बोलला की मग चढणार. रोह्याला एका लग्नात नवरदेव घोड्यावर बसला, सगळे नाचतायत, आणि नाना घोडेवाल्याला विचारतायत, "ह्याला उतरवनार कोन?" लोक हसले. मांडवाच्या दारात नवरदेवाची शेरवानी खोगिराला अडकली, बूट रिकिबीत अडकला आणि शेवटी चार मामांनी त्याला गोणीसारखा काढला. नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "बोललो ना." माझं लग्न ठरलं तेव्हा मी होणाऱ्या बायकोला भेटवायला घेऊन गेलो तर त्यांनी तिलाच विचारलं, "काय गो, चढतेस ते चढ, पन उतरायची काय सोय ठेवलीस काय?" ती तेव्हा लाजली. आता ती तो प्रश्न मला आठवड्यातून एकदा ऐकवते.

दोराचे तर इतके लाड की तेवढे माझ्या आईनं माझे केले असते तर मी शाळेत गेलो असतो. दोर पत्र्याच्या डब्यात, उंदरापासून लांब, बॅटरीच्या पाण्यापासून लांब, उन्हापासून लांब. काम झालं की ते डोळे मिटून अख्खा दोर बोटांतून सरकवायचे. कुठं चुरचुरलं, कुठं मऊ लागलं की तिथं थांबायचे. दोरावर पाय पडला की शिवी. दोरावर बसलात तर चहा बंद. मी एकदा आरामात बसलो आणि तीन दिवस बिनचहाचा चढलो.

एका दुपारी आमचा टेम्पो शेताच्या बांधाजवळ चिखलात रुतला. नाना जेवायला गेलेले. मी डोकं चालवलं. डोकं मी फार क्वचित चालवतो, पण चालवलं की नुकसान मोठं होतं. नवा कोरा दोर काढला, टेम्पोला बांधला, दुसरं टोक ट्रॅक्टरला. एका दमात टेम्पो बाहेर. नाना आले तर मी छाती काढून उभा. त्यांनी कोयता घेतला, दोराचे हातभर हातभर तुकडे केले आणि मंगलच्या पुढ्यात टाकले. "मोळ्या बांध गो."

"नाना, नवा होता तो! कुठं तुटला नाय, कुठं काय नाय!"

"टेम्पो वढलेला दोर आतून तुटतो आनि वरून हसतो," ते म्हणाले. "उद्या तू त्याच्यावर बसशील तेव्हा तो हसायचा थांबंल."

मी आठवडाभर सगळ्यांना सांगत होतो की म्हाताऱ्याला वेड लागलंय, नवा दोर कापतो. तुकडे उलगडून बघायची मला गरज वाटली नाय. मंगलनं उलगडले. एका तुकड्यातले आतले धागे वितळून गोळा झाले होते. तो तुकडा तिनं माझ्या डब्यावर ठेवला, भाकरीशेजारी.

बोलायचे शब्दही नानांनी मोजून ठेवलेले. वरचा म्हणणार "येतो". खालचा आधी वेढा बघणार, दोर ताणणार, पाय रोवणार आणि मगच म्हणणार "धरला". ते कानानं ऐकल्याशिवाय वरच्यानं अंग सोडायचं नाय. खाली पोचला की वरचा म्हणणार "उतरलो", तोपर्यंत खालच्यानं दोर सोडायचा नाय. मधे गप्पा नाय, गाणी नाय, शिव्या नाय. माझं शिव्यांवाचून अडायचं.

हा नेम कुठून आला ते मी एकदा विचारलं. त्यांनी लंगड्या पायावर हात ठेवला. "मी आठ हात उंचीवर होतो. येतो बोललो. खालचा धरला बोलला."

"मग?"

"बिडी पेटवत होता."

"कोन होता तो नाना?"

"होता एक. पेणच्या बाजारात भेटतो कदी कदी. चहा पाजतो बिचारा."

मी लगेच म्हणालो, असल्या माणसाला तर झाडालाच टांगायला पाहिजे. नाना म्हणाले, "तू चहा पी." माणसं ओळखण्यात मी पहिल्यापासून हुशार.

रोह्याला एका कंपनीनं आवारातला वाळलेला शिरीष उतरवायला आम्हाला बोलावलं. गेटवर आमच्या चपला काढून बूट घातले, डोक्यावर पिवळी टोपी, आणि थंडगार खोलीत बसवून तासभर सिनेमा दाखवला. सगळा इंग्लिश. मी झोपलो, त्यामुळे मला बाकीच्यांइतकाच समजला. मग सेफ्टीच्या साहेबांनी एका कागदावर सही घेतली की आम्हाला सगळं समजलं. माझा अंगठा बघून साहेबांचा चेहरा पडला. मग त्यांनी कमरेला बांधायचा पट्टा दिला, पुढे मोठा हुक.

नानांनी हुक उघडझाप करून बघितला. "साहेब, हा लावायचा कुठं?"

"वर. डोक्याच्या वर, मजबूत ठिकाणी."

"आनि तिथं पोचेपरेंत?"

साहेबांनी कागद उलटून बघितला. मागे कोरा होता. मला आनंदाच्या उकळ्या. मी म्हणालो, "नाना, ह्यांना झाडातलं काय कळतंय!" नानांनी माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाय. साहेबांच्या शेजारी उकिडवे बसून त्यांनी त्यांना सुतळीचा दगड दाखवला, वेढा दाखवला. साहेबांनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "तुमचं ट्रेनिंग कुठं झालं?"

"पडून," नाना म्हणाले.

आणि येताना म्हातारा काय करतो? तोच पट्टा कुठं मिळतो ते विचारून घेतो. त्याच आठवड्यात दोन पट्टे आणले. मी हसून हसून लोळलो. दुसऱ्या दिवशी माझ्या पायाखालची कुजकी फांदी मोडली आणि मी पट्ट्याला लोंबकळलो. खालून आवाज आला, "हस ना आता."

आता जोह्याचं सांगतो. हे मी सहसा सांगत नाय, कारण ह्यात हसण्यासारखं फार आहे आणि मला हसता येत नाय.

पेणजवळच्या जोह्याला एका शेटचा गणपतीचा कारखाना. पत्र्याच्या शेडमध्ये पांढरे, रंग न लावलेले गणपती ओळीनं बसलेले, आणि वर शिरीषाची एक वाळकी फांदी बरोबर त्यांच्या डोक्यावर. काम नाजूक. एक तुकडा सुटला असता तर पन्नास देव फुटले असते. माझ्या पायात दोन दिवसांपूर्वी काटा मोडलेला, पाय सुजला होता. नाना म्हणाले, "मी जातो वर. तू खाली ऱ्हा."

देवानं ऐकलं! मी खालचा झालो. मंगल शेडच्या पलीकडे फांद्या झेलायला. वर जायच्या आधी नानांनी बुंध्याला वेढ्याच्या मागे दोराची एक जादा गाठ मारली, बेतानं, म्हणजे सगळा दोर सुटला तरी माणूस जमिनीच्या पुरुषभर वर थांबेल अशी. मी चिडून म्हणालो, "माझ्यावर भरवसा नाय काय?"

"हाय ना. गाठ झाडासाठी हाय."

तासाभरात त्यांनी फांदी अशी उतरवली की एका गणपतीच्या अंगावर भुसा पडला नाय. वरचा बुंधा फांदीफांदीनं उतरून ते दुमजली उंचीवर आले. तिथून खाली बुंधा जाड आणि गुळगुळीत, दोरावरच यायचं. इकडे शेटनं चहा पाठवला. आलं घातलेला. मी कधीपासून ह्या चहाची वाट बघत होतो, अकरा वर्षांतली आठ तरी झाली असतील. फांदीचे तुकडे सोडायच्या दोरात नानांचा दोर अडकत होता म्हणून मी त्याचा बुंध्यावरचा वेढा काढला होता. परत घालायचा होता. घालणारच होतो. चहा गरम होता.

वरून आवाज आला, "येतो."

मी म्हणालो, "धरला."

तोंडानं म्हणालो. दोन्ही हात पेल्याला होते.

पुढचं मला नीट सांगता येत नाय. दोर माझ्यासमोरून सापासारखा वर पळायला लागला. मी पेला टाकला, दोर पकडला, तळहाताची साल गेली, तरी सोडला नाय, एवढी एक गोष्ट माझ्या बाजूनं लिहून ठेवा. मग मी जमिनीवरून उचललाच गेलो. आणि खाडकन ती गाठ ताणली आणि आम्ही दोघं थांबलो. मी हातभर हवेत. नाना माझ्या वर, त्यांचे दोन्ही पाय माझ्या कपाळावर. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं नव्हतं. ठेवलं ते हवेत.

शेट धावत आला, बघितलं आणि म्हणाला, "अहो, कोण कोणाला उतरवतोय?"

नाना हळूच म्हणाले, "चहा सांडला काय रे?"

मी तसाच दोराला लटकलेला. ते म्हणाले, "आता सोडू नको. मंगलला हाक मार." मंगल आली. तिनं मला बाजूला केलं, वेढा घातला, मागची गाठ सोडली, पाय रोवले आणि म्हणाली, "धरला, बाबा." पुरुषभर उंची उरली होती, तरी त्यांनी ते ऐकल्यावरच अंग सोडलं. खाली टेकल्यावर म्हणाले, "उतरलो." मग दोर बोटांतून सरकवला, माझ्या रक्ताचा डाग लागला होता तिथं थांबले आणि शेटला म्हणाले, "ह्याच्या हाताला हळद द्या जरा. आनि दुसरा चहा द्या."

एक शिवी दिली असती तर मी सुटलो असतो. दिली नाय. त्या दिवशीनंतर नाना झाडावर चढले नाहीत, आणि खाली त्यांच्याबरोबर दोराला मंगल उभी राहायला लागली. मला त्यांनी कायमचा वर ठेवला. हात बरा झाल्यावर मी गावभर सांगत फिरलो की आता वरचं सगळं काम माझ्याकडे आलंय, बढती झाली.

मागच्या वर्षी त्यांना पेणला दवाखान्यात ठेवलं होतं, दुसऱ्या मजल्यावर. नर्सला त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल ते तुम्हाला सांगायला नको. तिनं लिफ्ट दाखवली. "बंद पडली तर?" तिनं जिना दाखवला, तेव्हा कुठं ते झोपले. मी जाऊन बसायचो, बडबडायचो. एक दिवस धीर करून म्हणालो, "नाना, जोह्याचं…"

"तुझा हात बरा झाला ना?"

"झाला."

"मग झाला." आणि भिंतीकडे तोंड केलं. तिकडेच बघत म्हणाले, "मंगलला येकटी पाठवू नको कुठं कामाला. तू वर जा."

मी हो म्हणालो. चार दिवसांनी ते गेले. आयुष्यभर एवढ्या उंच झाडांशी खेळलेला माणूस खाटेवर गेला, फरशीपासून दीड हातावर.

तेराव्यानंतर पहिलं काम खांबच्या बाजूला होतं, एका शाळेच्या मागची वाळकी सावर. शाळेत मी असाच जातो, झाडासाठी. मंगल होती, आणि तिनं एक नवा माणूस आणला होता, कोलाडकडचा, धडधाकट, चढायला तयार. मी विचार केला, आता टोळीत मोठा मीच. नवा वर जाईल, मंगल फांद्या ओढेल, आणि नानांची जागा रिकामी ठेवणं बरं दिसत नाय. मी सावलीत गेलो, बुंध्याला दीड वेढा घातला, एकदम नीट घातला, पाय रोवले आणि दोर हातात घेतला. डोळ्यात पाणी आलं, खोटं नाय सांगत. म्हणालो, "मंगल, आता मी खालचा. नानांना पण हेच वाटत असणार. उगाच नाय त्यांनी मला एवढी वर्षं वर ठेवून तयार केला."

मंगल आली. माझ्या हातातून दोर काढून घेतला, वेढा तपासला आणि माझी जागा घेऊन उभी राहिली.

"रमेशदादा, बाबांनी तुला वर ठेवला तो तू चढतोस चांगला म्हनून नाय," ती म्हणाली. "वर तू चुकलास तर येकटा तू मरशील. खाली चुकलास तर दुसरा मरंल. म्हनून ठेवला. चल, पट्टा बांध आनि चढ."